सरलाताईंचं बोट

सरलाताईंनी मला वाचवलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझा जळफळाट इतका आहे की वाचणाऱ्याला वाटेल, हा माणूस त्या बाईंवर डूख धरूनच लिहायला बसलाय. मी त्यांचे उपकार मानतो आणि जळतोही. दोन्ही एकाच गळ्यात राहतं. नववीत शाळा सुटली माझी, त्यामुळे असं लिहायची सवय नाही. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

तर झालं काय ते आता सांगतो.

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. एका ऑर्केस्ट्राच्या मागे घर सोडलं. तो ऑर्केस्ट्रा जळगावला येऊन मोडला, परत जायला तोंड नव्हतं, म्हणून धुळ्याला नानांच्या बँडमध्ये गायला लागलो. खानदेशातला लग्नाचा बँड ज्यानं पाहिला नाही त्याला सांगतो: दिव्यांनी सजवलेली गाडी, वर भोंगे, मागे ढोल, ताशे, ट्रम्पेट, आणि गाडीच्या तोंडाशी माईक धरून उभा गायक. लोक नाचायचे थांबेपर्यंत त्यानं थांबायचं नाही. मला सगळे कोकण्या म्हणतात. सुरुवातीला त्यांना वाटलं मी पिंपळनेरकडच्या डोंगरातला कोकणी आदिवासी. समुद्राकाठचा आहे म्हटल्यावर नाना म्हणाले, "मंग इतला कोल्ल्या मुलूखमा कसाले वना रे भो?" इतक्या कोरड्या मुलखात कशाला आलास. याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मार्गशीर्षातली वरात होती. गळा तर दोन हंगाम घोगराच होता, पण त्या दिवशी गाण्याच्या मध्यात आवाज गेलाच. ओठ हलतायत, आणि भोंग्यातून नुसती हवा. नाचणारे थांबले, घोड्यावरचा नवरदेव वळून बघायला लागला. तेवढ्यात ताशेवाला सोपान गळ्यातला ताशा काढून गाडीवर चढला, माझ्या हातातून माईक घेतला आणि तिथूनच पुढची ओळ धरली. लोक पुन्हा नाचायला लागले. आधीपेक्षा जास्त.

वरात मंडपाशी लागल्यावर नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "कोकण्या, आखाजीलोंग वाट देखसू. मंग माईक सोपानले."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. इकडे तो दिवाळीएवढा सण, आणि लग्नांचा कळस. तोवर आवाज परत आला तर माईक माझा, नाहीतर सोपानचा. मला ढोल येत नाही, ट्रम्पेट येत नाही, अहिराणी बोलायला लागलो तर पोरं हसतात. परमुलखात माणसाला एकच गोष्ट येत असावी आणि तीच जावी, म्हणजे काय होतं ते तुम्हाला काय सांगू.

जळगावच्या एका वऱ्हाडातल्या बाईंनी सरलाताईंचं नाव सांगितलं. सोपानच म्हणाला, चल, गाडीवर नेतो. हे मला तेव्हाही आवडलं नव्हतं. ज्याला माझा माईक मिळणार, तोच मला आवाजाच्या बाईंकडे नेतो! पण बसच्या गर्दीत घसा आणखी बसेल या भीतीनं मी त्याच्या मागे बसलो. धुळे ते जळगाव तो गात होता. वाऱ्यात, तोंड उघडं टाकून.

ताईंचा वर्ग त्यांच्या घरच्या भांड्यांच्या दुकानाच्या वर. घर मारवाडी जैन. खाली गादीवर सासरे बसायचे, त्यांना सगळे बाबूजी म्हणत. वर जिना चढून गेलं की एक लांब खोली, एक पेटी, काचेचे ग्लास, आणि पपईच्या पानांचे हिरवे पोकळ देठ कापून ठेवलेली एक परडी. खालून सारखा पातेल्यांचा खणखणाट. गाण्याचा वर्ग असल्या जागी कुणी घेतो का? मी सोपानकडे बघितलं. सोपान परडीकडे बघत होता.

ताई पन्नाशीच्या. अंगानं बारीक, डोक्यावर पदर, आणि आवाज? आवाज साधा. थोडा दाणेदारच. मला वाटलं, हिला स्वतःला आवाज नाही, ही मला काय देणार. मी बोलायच्या आधी सवयीनं खाकरलो. त्यांनी उजव्या हाताची तर्जनी वर केली. मी "ताई" म्हणून पुन्हा खाकरलो. पुन्हा बोट. मला कळेना.

"दर वेळी खाकरतोस तेव्हा गळ्यातल्या दोन पट्ट्या एकमेकींवर आपटतात," त्या म्हणाल्या. "आपटल्या की सुजतात. सुजल्या की काहीतरी अडकलंय असं वाटतं. वाटलं की तू परत खाकरतोस. मी बोट दाखवीन, तू थुंकी गिळ."

माझ्या आयुष्यात त्या बोटानं मला जितकं पाहिलंय तितकं माझ्या आईनंही मला पाहिलं नसेल.

मग मी माझी सगळी पथ्यं सांगितली. दही नाही, चिंच नाही, केळं नाही, धुळ्याच्या उन्हातही माठाचं पाणी नाही, बारा महिने गळ्याला मफलर, सकाळी मध, ज्येष्ठमध, आणि वरातीत गालात लवंग. मला वाटलं शाबासकी मिळेल.

"मध कुठे लागतो?" त्यांनी विचारलं.

"गळ्याला."

"कशावरून?"

हा त्यांचा शब्द. कशावरून. रागानं नाही, कुत्सितपणानं नाही. एखादा पाहुणा पत्ता विचारतो तसा. मी नुसती मान हलवली. त्याच म्हणाल्या, "आपण गिळतो ते मागच्या नळीनं पोटात जातं. आवाज पुढच्या नळीत. चुकून पाण्याचा एक थेंब जरी आवाजाच्या पट्ट्यांना लागला तरी काय होतं?"

"ठसका," सोपान म्हणाला.

"शाबास. मग तुझ्या मित्राला इतकी वर्षं मधाचा ठसका का नाही लागला?"

पहिली शाबासकी सोपानला मिळाली. लिहून ठेवतो.

"मध खा, गोड असतो," त्या म्हणाल्या. "दही पण खा. पण ती लवंग काढ. लवंग गळा बधिर करते, बरा करत नाही. भाजलेल्या हाताला बर्फ लावून परत तोच हात तव्यावर ठेवायचा, असं चाललंय तुझं."

त्या दिवशी त्यांनी मला एक सूरही लावू दिला नाही. म्हणाल्या, आत काय झालंय ते बघितल्याशिवाय मी शिकवत नाही. आणि चिठ्ठी देऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवलं, स्वतःही आल्या. डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घातली आणि समोरच्या पडद्यावर माझा आवाज दिसला. आवाज दिसतो, हे मला माहीत नव्हतं. दोन पांढुरक्या पट्ट्या, उघडतात, मिटतात. आणि मधोमध दोन्हीकडे एकेक उंचवटा, तांदळाच्या कणीसारखा. गाठी.

मी पडद्याकडे बघत होतो आणि सोपान म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मना बी देखा ना!"

डॉक्टर खुशीत होते, त्यांनी बघितला. आणि म्हणाले, "वा! पुस्तकात छापावा असा गळा आहे."

हा सोपान दुपारी बर्फाचा गोळा खातो. शेवभाजीवर तर्री ओतून घेतो. त्यानं जन्मात कधी रियाज केलेला नाही. आणि त्याचा गळा पुस्तकात छापावा असा! मी ताईंना विचारलं, हे कसं? म्हणजे विचारायला गेलो, खाकरलो, बोट वर झालं, मग विचारलं.

"कारण सोपान दमला की थांबतो," ताई म्हणाल्या. "तू थांबत नाहीस."

सोपानचा आळस त्याला पावला होता. माझी मेहनत मला भोवली होती. यावर कुणाला जळायला येणार नाही?

दुसऱ्या दिवशी पौष लागत होता. पौषात लग्नं नसतात, बँड बसून असतो. ताई म्हणाल्या, "हा पूर्ण महिना एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुजताना तर गळा जास्त आवळतो. माघापासून आपण बुडबुडे सुरू करू. आखाजीच्या आत तू उभा राहशील."

मी महिनाभर गप्प राहिलो. भाकरी हवी असली की ताट वाजवायचो. तरी आठवड्यातून दोनदा जळगावला जायचो, ताई इतरांना शिकवत ते बघत कोपऱ्यात बसायचो. सोपानही यायचा, आता शिकायलाच. ताईंनी त्याला फुकट ठेवून घेतलं होतं, जसं मला. म्हणजे माझ्या वाट्याचा अर्धा वेळ त्याला. तो ग्लासातल्या पाण्यात पपईचा देठ बुडवून त्यातून सूर काढत बुडबुडे फुंकायचा. ताई सांगत, असं केलं की गळ्यावर जोर न पडता आवाज सुटतो. पाणी उडून त्याच्या मिशांना लागायचं आणि ताई हसायच्या. माझ्याशी बोलताना त्या इतक्या कधी हसल्या नव्हत्या. मी मुका, मला कोण हसणार.

पण त्या कोपऱ्यातून मला ताई जितक्या दिसल्या तितक्या मी बोलत असतो तर दिसल्या नसत्या.

कुणी नवीन मूल आलं आणि त्याची आई म्हणाली, "याला पोटातून गायला शिकवा," की ताई म्हणायच्या, "पोटात पोळी असते, हवा छातीत असते," आणि मुलाचा हात त्याच्याच बरगड्यांवर ठेवायच्या. फुगा फुगवून फुग्याचं तोंड दोन्ही बाजूंनी ताणायच्या, फुगा किंचाळला की म्हणायच्या, "हा बघ उंच सूर. पट्टी ताणली की सूर वर जातो. मान वर करून काही होत नाही, वर काय ठेवलंय?" ज्याला त्याला पाणी पाजायच्या, साधं. आणि एक पथ्य मात्र कडक: जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. "तिखट खा, पण उभं राहून पचू दे. निजलास की पोटातलं आंबट वर येतं आणि आवाजावर सांडतं." आम्ही बँडवाले सगळ्यात शेवटी जेवतो आणि पंगतीतून उठून गाडीच्या सावलीत लवंडतो. दह्याला घाबरणाऱ्या आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यांचं "कशावरून" घरातही चालायचं. खाली बाबूजी गिऱ्हाइकाला सांगत असायचे, "मावशी, हे पातेलं तुमच्या नातवापर्यंत टिकेल." जिन्यावरून आवाज यायचा, "कशावरून, बाबूजी?" बाबूजी कपाळावर हात मारायचे. "अरे बीनणी, धंदा करू दे गं! तुझ्या गळ्याच्या नादात माझं दुकान बसेल." गिऱ्हाईक हसायचं आणि पातेलं घेऊन जायचं. सून असूनही सासऱ्याला असं बोलायची मुभा त्या घरात होती, आणि मी त्याच्यावरही जळायचो.

सगळ्यात जास्त जळायचो ते त्यांच्या दुसऱ्या एका वाक्यावर. "माहीत नाही." डॉक्टर, प्राध्यापक, कुणीही समोर असो, ताईंना उत्तर येत नसलं की त्या सरळ म्हणायच्या, "हे मला माहीत नाही, बघून सांगते." समोरच्याचा मान वाढायचा. शिकलेल्या माणसाचं "माहीत नाही" किती ऐटदार असतं! तेच मी म्हटलं की लोक मनात म्हणतात, नववीत सोडली ना शाळा, कसं माहीत असणार. म्हणून मी आयुष्यभर सगळं माहीत असल्यासारखा मान हलवत आलो.

पौष संपता संपता सोनगीरचा दिवस आला.

आमच्या बँडची ती रीत. दरवर्षी पौषात नाना गाणाऱ्यांना सोनगीरला नेतात, किल्ल्याच्या डोंगराखाली एका खडकावर उभं करतात, आणि डोंगराकडे तोंड करून ओरडायला लावतात. आवाज चिरेपर्यंत. त्याला 'आवाज फोडणं' म्हणतात. फुटलेला आवाज पक्का होतो, असं सगळे मानतात. मी गायला लागल्यापासून त्या खडकावर दरवर्षी सगळ्यात आधी माझा आवाज फुटायचा आणि नाना पाठीवर थाप मारायचे. या परमुलखात मला मिळालेली ती पहिली थाप. यंदा खडकावर सोपान उभा राहणार होता.

मी ताईंना हे खुणांनी सांगितलं होतं. कसं सांगितलं ते विचारू नका, मी डोंगरही झालो आणि खडकही झालो. ताईंनी दिवस तेवढा विचारून घेतला. आणि त्या दिवशी आम्ही खडकाशी पोचलो तर थोड्याच वेळात दुकानाचा टेम्पो आला. बाबूजींना सोनगीरच्या कारागिरांकडून तांब्याचे हंडे घ्यायचे होते; ताई त्यांच्याबरोबर आल्या होत्या आणि तांबटांच्या गल्लीत न थांबता सरळ आमच्याकडे चालत आल्या. हातात ती पपईच्या देठांची परडी.

"नाना, हे कशासाठी करतात?" त्यांनी विचारलं.

नाना सत्तरीचे, बँडचे मालक आणि ट्रम्पेटवाले. पागोटं सारखं करून म्हणाले, "ताई, हाड मोडीसन जुडनं का दुप्पट पक्कं व्हस. आवाजनं बी तसंच शे."

"कशावरून?"

"मना बाप सांगे. बठ्ठा गाणारा असाच तयार व्हयनात." बठ्ठा म्हणजे सगळे.

"तुमचे वडील इथेच ओरडायचे?"

"इठेच. याच दगडवर."

"मग त्यांचा आवाज पक्का झाला असेल."

नानांचा हात परत पागोट्याकडे गेला. बँडमध्ये सगळ्यांना माहीत होतं की नानांचे वडील उतारवयात टाळी वाजवून माणसं बोलवायचे. नाना सोडले तर त्यांचा आवाज ऐकलेला एकही जण तिथे नव्हता. टाळी मात्र सगळ्या जुन्या माणसांनी ऐकली होती.

ताईंनी आवाज आणखी खाली आणला. "आणि नाना, तुम्ही आधी गायचात म्हणे. ट्रम्पेट कधी धरलं?"

"गळा बसना तव्हय," नाना म्हणाले.

सोपान खडकावर उभा. "नाना, मी वरडू का नको?"

"उतर खाले," नाना म्हणाले. "ऊन लागी राह्यनं. चला घर."

पौषातलं ऊन! माणसं शाली पांघरून उभी होती. पण कुणी हसलं नाही. ताईंनीही पुढे एक शब्द बोलून नानांना हरवलं नाही. परडी सोपानच्या हातात दिली आणि हंडे बघायला गेल्या.

परतताना सगळे खूश होते. मी सोडून. त्या खडकावर मी फुटलो तेव्हा कुणी टेम्पोतून उतरलं नाही. माझ्या वर्षी कुणी विचारलं नाही, कशावरून. सोपानसाठी विचारलं. सोपान वाचला आणि मी उरलो त्याचा दाखला. आणि हे कुणाला बोलूनही दाखवता येईना, कारण महिना संपायला अजून दिवस होते.

माघापासून माझे बुडबुडे सुरू झाले. आवाज हळूहळू आला, बाळंतिणीसारखा जपून. फाल्गुनात एके दिवशी ताई म्हणाल्या, "भुसावळला माझं काम आहे, चल. गाडीच्या आवाजात न बोलता बसायचा सराव होईल."

भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एका बाईंच्या दारात आम्ही उभे राहिलो. नाव कुसुम. कणकेचे हात घेऊनच तिनं दार उघडलं आणि ताईंना ओळखून एकदम लहान मुलीसारखी ताठ झाली. तेव्हा मला कळलं की ताई पूर्वी जुन्या पद्धतीनं शिकवायच्या. मध, खर्ज, पोटातून, सगळं. मग एका वर्षी त्यांचा स्वतःचा आवाज गेला, पुण्याला जाऊन उपचार घ्यावे लागले, आणि तिथून त्यांनी नव्यानं शिकायला घेतलं. तेव्हापासून त्या सवड मिळेल तशा जुन्या विद्यार्थ्यांची घरं शोधत होत्या.

"कुसुम, मी तुला वर्गात म्हणाले होते, तुला सूर नाही, तू नुसत्या टाळ्या वाजव. आठवतं?"

"आठवतं," ती म्हणाली. तिला न आठवून कसं चालेल.

"ते चूक होतं. सूर मुळीच नसलेलं माणूस फार क्वचित असतं. तुला सूर ऐकून जुळवायला वेळ लागत होता, आणि मला ते शिकवता येत नव्हतं."

कुसुम चिडली. चिडायलाच हवं होतं. "आता आलात सांगायला? पोरगी कॉलेजात गेली माझी. तिला मी एक अंगाई म्हटली नाही, शेजारणीकडून म्हणवून घेतली."

"हो," ताई म्हणाल्या. "ते माझ्यामुळे."

एवढंच. माफ कर म्हणून रडल्या नाहीत, माझंही वय लहान होतं म्हणाल्या नाहीत. पाटावर बसून राहिल्या. शेवटी त्या बाईनंच चहा टाकला. चहा पिताना ताईंनी तिला ग्लासातल्या बुडबुड्यांचं सांगितलं. आम्ही निघताना ती दारात म्हणाली, "ते ग्लासात फुंकायचं तुम्ही म्हणालात, ते कसं असतं?" ताई परत चप्पल काढून आत गेल्या.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून त्या बाईवर जळत होतो. तिचं नुकसान झालं होतं हे कळूनही. शाळेत मला एक मास्तर म्हणाले होते, "दिगंबर, तुझ्या डोक्यात खोबरं आहे, उगाच बाक अडवू नको." सगळा वर्ग हसला आणि मी दुसऱ्या दिवसापासून गेलोच नाही. ते मास्तर कुठल्या बसमध्ये बसून माझ्या दारात आले? कधी आले नाहीत. यायचेही नाहीत. काही माणसांच्या दारात चूक करणारा परत येतो, काहींच्या येत नाही, आणि मी दुसऱ्या रांगेतला.

आखाजी आली. मी नानांच्या अंगणात उभा राहून गायलो. आवाज स्वच्छ होता, गाठी विरत आल्या होत्या. पण लांब टिकत नव्हता. नानांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "ग्वाड शे. पन लोके सोपानले मांगतस." माघ, फाल्गुन, चैत्र, सगळा हंगाम सोपान गायला होता, लोकांच्या कानांना तो बसला होता. माईक त्याचा झाला. मला हळदीच्या मंडपातली गाणी दिली, बायकांच्यात बसून, सावकाश म्हणायची. काढून टाकलं नाही, हेही खूप. ताईंना सांगितलं तर त्या पौषापासूनचे दिवस बोटांवर मोजत बसल्या. त्यांना काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही.

ते पुढच्या वर्षी कळलं, पौषातच.

नानांच्या अंगणात आम्ही वाद्यं पुसत होतो. सोपान ताशाची दोरी आवळत होता. फाटक वाजलं, बघतो तर ताई. एकट्या, बसनं आलेल्या, हातात स्टीलचा डबा. नानांना नमस्कार केला, ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "दिगंबर, मी तुझ्याकडे आले आहे. मी तुला चुकीचं सांगितलं होतं."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"पूर्ण महिना गप्प बसायची गरज नव्हती. थोडे दिवस पुरले असते, मग लगेच हळूहळू आवाज वापरायला हवा होता. मी घाबरून जास्त सांगितलं. तू माघातच उभा राहिला असतास, कदाचित. माईक गेला नसता, कदाचित."

माझ्या तोंडून निघून गेलं, "कशावरून?"

नाना हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी नीट उत्तर दिलं. "नंतर वाचलं, डॉक्टरांशी बोलले. मग आणखी दोघांना थोडेच दिवस गप्प बसवलं, ते लवकर उभे राहिले. दोघांवरून नक्की म्हणता येत नाही. पण माझं चुकलं असं मला वाटतं, म्हणून आले."

मला राग यायला हवा होता. माझा माईक त्या एका महिन्यात गेला होता. पण खरं सांगतो, मी आधी तिरक्या नजरेनं बघितलं, सोपान ऐकतोय का. तो ऐकत होता. दोरी हातात तशीच. आणि ताईंनी डबा उघडून सगळ्यांना भरीत वाढलं तेव्हा तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "कोकण्या, तुनाकडे वनी रे ती. एवढ्या लांबतून. मनाकडे कोण येस?"

पुस्तकात छापावा असा गळा असलेला माणूस माझ्यावर जळत होता. त्या भरताची चव अजून जिभेवर आहे.

संध्याकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. जळगावची गाडी लागली, त्यांना खिडकी मिळाली. गाडी सुरू झाली, गोंगाटात बोलायचं नाही हे दोघांनाही ठाऊक, म्हणून मी नुसता उभा. आणि जुन्या सवयीनं मी खाकरलो. तेवढ्या गर्दीत, तेवढ्या हॉर्नमध्ये, त्यांना ते ऐकू येणं शक्य नव्हतं. पण खिडकीच्या गजातून बोट वर आलं. मी थुंकी गिळली. गाडी फाटकाबाहेर वळली तरी ते बोट तसंच होतं.

त्यानंतर त्यांची भेट नाही. मुलाकडे गेल्यात, मद्रासकडे कुठेतरी, आणि वर्गाच्या खोलीत आता बाबूजींच्या भांड्यांची खोकी आहेत.

यंदा नाना म्हणाले, नव्या गाणाऱ्यांना कोकण्यानं तयार करायचं. तेव्हा ताई, हे तुमच्यासाठी: एका पौषात तुम्हाला सोनगीरला आणीन, त्या खडकावर खुर्ची टाकीन, आणि डोंगराखाली माझे सगळे गाणारे पपईचे देठ घेऊन बुडबुडे फुंकताना दाखवीन. तुम्ही बोट वर करून बघा, एकही खाकरणार नाही. ही तुमच्या ऋणाची अर्धी फेड. उरलेली अशी, की मी त्यांना शिकवलेलं काही पुढे चुकीचं निघालं, तर मी ज्याच्या त्याच्या दारात जाईन. मिळेल ती बस पकडून, गाव कितीही लांब असो, डबा घेऊन.